कांबळेमिस्त्रींची पार्सलं

राजारामपुरीच्या पोस्टात रांगेत उभं राहिलं की कांबळेमिस्त्रींचं लक्ष स्वतःच्या पार्सलावर कधीच नसायचं. ते पुढच्या माणसाच्या पार्सलाकडे बघत राहायचे. आधी नुसतं बघायचे, मग मान तिरपी करून बघायचे, आणि मग त्यांना राहवायचं नाही.

"पावणं, ह्यात काय हाय?"

"लोणच्याची बरणी हाय. लेकीला धाडतोय, इंदूरला."

"इंदूरला? आवो, ह्ये हातकणंगल्यापतूर बी धड जायाचं न्हाय. आना हिकडं."

समोरचा हो-नाही म्हणायच्या आत ती पेटी मिस्त्रींच्या हातात आलेली असायची. ते भिंतीकडेच्या बाकावर बसायचे, खाकी शर्टाच्या खिशातून दाभण आणि मेण लावलेला दोरा काढायचे, वरच्या कापडाची शिवण उसवायचे, आतली मोकळी जागा आपल्या पिशवीतल्या कागदाच्या कातरणांनी ठासून भरायचे आणि पुन्हा शिवून द्यायचे. मग पार्सल कानाशी धरून हलवायचे. आवाज आला नाही की समाधानानं मान डोलवायचे. "पार्सलानं बोलू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "बोललं की समजायचं, आत कायतरी मराय लागलंय."

तोवर त्यांची स्वतःची पाळी केव्हाच निघून गेलेली असायची.

मी त्यांना ओळखत होते ते आमच्या छापखान्यातले बाइंडर म्हणून. साठच्या दशकाचा मधला काळ असेल. मी नुकतीच बी.ए. होऊन मुद्रितं तपासायला लागले होते. माझं टेबल बाइंडिंगच्या खोलीला लागून होतं. मिस्त्री उंच, काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बोटं इतकी लांब की शंभर पानांची घडी एका हातात मावायची. बोलणं कोल्हापूरचं, म्हणजे शेजारच्या माणसाशीही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं. पण हातात वस्तू आली की माणूस एकदम गप्प व्हायचा.

छापखान्यात कागदामुळे विडी-काडीला सक्त बंदी होती. इतर कामगार चहाच्या सुट्टीत रस्त्यावर जाऊन घाईघाईनं दोन झुरके मारून यायचे. मिस्त्री तसं करत नसत. दुपारची भाकरी झाली की ते मागच्या अंगणात रामफळाच्या झाडाखाली बसायचे आणि एक चिरूट पेटवायचे. दिवसाला एकच. तो ओढताना कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांचा चेहरा त्या वेळी असा असायचा, की जणू घरी पाहुणा आलाय आणि त्याचं बोलणं ते नीट ऐकून घेताहेत.

"साहेब बसले," असं पोरं चिडवायची. मिस्त्री दाद देत नसत.

ही सवय त्यांना लढाईच्या काळात लागली होती. पलटणीत ते नकाशे कापडावर चिकटवायच्या कामाला होते आणि त्या कामात त्यांना ब्रह्मदेशापर्यंत जावं लागलं होतं. "तितं बायामान्सं बी चिरूट वडत्यात, बाई. रस्त्याच्या कडंला बसून, हातभर लांब," ते मला सांगायचे. लढाईबद्दल त्यांनी मला एवढंच सांगितलं.

कोल्हापुरात एका दुकानात त्रिचीचे चिरूट मिळायचे. पण मार्च लागला की इथल्या कोरड्या हवेनं ते तडकायचे, आणि जुलैत त्यांना बुरशी यायची. मिस्त्रींना हे बघवेना. शेवटी चिरुटाच्या खोक्यावर त्रिचीच्या दुकानाचा पत्ता होता, त्या पत्त्यावर त्यांनी मोडक्या इंग्रजीत एक पत्र टाकलं: तुमचा माल चांगला आहे, पण आमच्या गावात जगत नाही, काय करावं? दुकानदारानं ते पत्र आपल्या एका रोजच्या गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. ते गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले एक गार्ड. त्यांच्याकडून चार पानी उत्तर आलं. ते वाचून दाखवायला मिस्त्री माझ्या टेबलाशी आले, आणि तेव्हापासून त्यांची इंग्रजी पत्रं वाचणं आणि लिहिणं हे माझं काम झालं.

गार्डसाहेबांची सही वाचून मी हसू दाबलं. त्यांचं नाव होतं आरोग्यस्वामी.

"हसाय काय झालं?" मिस्त्री म्हणाले. "चिरूट वडून सत्तरी गाठंल त्यो. नावातच हाय की."

आरोग्यस्वामींनी पुढे आणखी दोघांचे पत्ते दिले. एक म्हापशाचे फर्नांडिस, बँडमास्तर होते. दुसरे आसामातल्या चहाच्या मळ्यावरचे हिशेबनीस बरुआ. त्यांना सरहद्दीकडून बर्मी चिरूट मिळत. यातलं कुणी कुणाला कधी भेटलं नव्हतं. सगळ्यांना एकच ओढ होती, की आपल्याकडचा चांगला चिरूट दुसऱ्यानं ओढून बघावा. आणि सगळ्यांची अडचणही एकच होती: पोचेपर्यंत त्याचा भुगा व्हायचा.

"ह्यास्नी बांधाय येत न्हाय," मिस्त्रींनी निदान केलं.

त्यांचं स्वतःचं पहिलं पार्सल मात्र फसलं. त्यांनी पुठ्ठ्याची सुरेख पेटी केली होती, आतून कापड लावून, कप्पे करून. पण चिकटवायला वापरली बाइंडिंगची खळ, आणि तिच्यात पुस्तकांना कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेला असतो. तंबाखू आजूबाजूचा वास शोषून घेते. आरोग्यस्वामींचं उत्तर आलं: "आपले चिरूट सुखरूप पोचले. एकही मोडला नाही. ओढताना मात्र आपण एखादा शब्दकोश ओढतो आहोत असं वाटलं."

मी ते वाचल्यावर मिस्त्री आधी ओशाळले, मग इतके हसले की मालक बाहेर येऊन बघून गेले.

त्यानंतर त्यांनी बांबू धरला. चंदगडकडच्या एस.टी.वरचा एक ड्रायव्हर त्यांना तिकडून बांबू आणून द्यायचा. एका बाजूला पेर राखून मिस्त्री वीतभर लांबीच्या नळ्या कापायचे, आतून तासायचे आणि छपराखाली टांगून ठेवायचे. नळी वाळली की नाही हे ते हाताला विचारत नसत, नाकाला विचारत. नळी नाकाशी धरून क्षणभर थांबायचे. "अजून दीड म्हैना," म्हणून परत टांगायचे. वाळलेल्या नळीत एकेक चिरूट तलम कागदात गुंडाळून जायचा. शेवटी एक छोटी खापरी, कुंभाराकडची, पाण्यात भिजवून पुसलेली आणि भोकं पाडलेल्या मेणकागदात गुंडाळलेली. "वाटंत चिरुटाला तहान लागली तर," असं ते म्हणायचे. मग लाकडी बूच, मेण, भोवती कटिंग मशीनखालची कातरणं, मांजरपाट, शिवण आणि लाखेचे ठिपके. अशी नळी गोणीखाली आली काय नि पेटीखाली आली काय, आतल्याला पत्ता लागायचा नाही.

बघता बघता सगळ्यांचं टपाल मिस्त्रींकडे येऊ लागलं. तिघं आपापल्याकडचे चिरूट कोल्हापूरला धाडायचे. मिस्त्री ते उघडून, निवडून, थोडे दिवस विसावू देऊन, मिसळून पुन्हा बांधायचे आणि ज्याला त्याला परत पाठवायचे. प्रत्येकाच्या नळीत प्रत्येक गावचा एकेक. वर्षातून दोनदा, पाऊस सरल्यावर आणि उन्हं तापायच्या आधी.

एकदा बरुआंच्या चिरुटांना टाचणीएवढी भोकं दिसली. आत किडे होते. मिस्त्री ती सगळी नळकांडी घेऊन थेट बर्फाच्या कारखान्यात गेले आणि तीन दिवस बर्फात ठेवू द्या म्हणाले. कारखानदारानं विचारलं, "मासळी हाय व्हय?" मिस्त्री म्हणाले, "न्हाय. किडं झोपवायचं हायत." त्या गृहस्थानं काही न विचारता जागा करून दिली. मिस्त्रींशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे राजारामपुरीत बहुतेकांना ठाऊक झालं होतं.

त्यांच्या घरात मात्र या सगळ्याला एकीचा कडवा विरोध होता. त्यांची बायको हौसाबाई. मी तिला हौसाक्का म्हणायची. ठेंगणी, ठसठशीत, आणि नवऱ्याहून मोठ्या आवाजाची. मिस्त्री रविवारी घरी चिरूट पेटवायचे तेव्हा ती दारं-खिडक्या धाडधाड उघडायची. कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायकांसारखी ती स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलायची. "मी सांगतो तुमास्नी, बाई, ह्या मानसानं माज्या लुगड्याला, अंथरुणाला, पिठाला बी वास लावलाय. देवानं मला नाक दिलं त्येच चुकलं."

अशी पाचसहा वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात मिस्त्रींना तापानं गाठलं. तीन आठवडे ते अंथरुणावर होते. परत आले तेव्हा शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. कामाला लागले, पण दुपारी रामफळाखाली जाणं बंद झालं. मी विचारलं तर म्हणाले, "खोकला हाय." मला खोकला काही ऐकू आला नाही. बांबूच्या नळ्या ते पूर्वीसारखेच नाकाशी धरायचे. फक्त आता फार वेळ धरून ठेवायचे.

दसऱ्यानंतर पार्सलं गेली. उत्तरं आली. फर्नांडिसांनी दोन ओळीत आभार मानले होते. बरुआंनी तब्येतीची चौकशी करून हवापाण्याबद्दल लिहिलं होतं. चिरुटांबद्दल दोघांच्याही पत्रात अवाक्षर नव्हतं. मला ते थोडं विचित्र वाटलं. नंतर आरोग्यस्वामींचं पत्र आलं. या वेळी चार पानं नव्हती. मी ते वाचलं आणि मराठीत सांगताना अडखळले.

"मिस्त्री," त्यांनी लिहिलं होतं, "पाचही नळ्यांना आतून बुरशी होती. नळ्या ओल्या होत्या. चिरुटांचं मी विचारत नाही, चिरूट पुष्कळ मिळतील. तुमच्या हातून असं होणार नाही, म्हणून विचारतो. तुम्ही बरे आहात ना?"

 मिस्त्रींनी खळीचं भांडं माझ्यापुढं सरकवलं.

"ह्ये आंबलंय का, बाई?"

भांड्यातून असा दर्प आला की मी पदर नाकाला लावला.

"मला काय बी येत न्हाय," ते म्हणाले. "ताप गेला, जाताना नाक घिऊन गेला. चव बी गेली. भाकरी आन् पुठ्ठा, सारकंच लागतंय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुनाला सांगू? पुढच्या म्हैन्यात यील, त्येच्या पुढच्या म्हैन्यात यील, असं करत बसलो." त्यांनी ते भांडं झाकलं. "चिरूट बी सोडला. नुसता धूर वडून काय करायचं? पन पार्सल सोडवंना. म्हनलं, हात तर हायत की. हातानं जमंल."

त्यांनी मला तिघांनाही सारखंच पत्र लिहायला लावलं. मी शब्द जरा मऊ करायला बघत होते, प्रकृतीच्या कारणामुळे वगैरे. त्यांनी थांबवलं. "जे हाय त्येच लिवा. माजं नाक गेलं. ते मी लपवलं. तुमचा माल माज्या हातनं नासला. हितनं फुडं पार्सलं बंद."

"बंद कशाला?"

"वासाबिगार निवडायचं कसं? पांढरी भुकटी आली तर त्यो चांगल्या चिरुटाचा फुलोरा, का बुरशी, ह्ये नाकच सांगतं. डोळ्याला दोनी सारकंच."

रविवारी सकाळी मी पत्रांच्या स्वच्छ प्रती सहीसाठी त्यांच्या घरी घेऊन गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर. मिस्त्री छपराखालच्या नळ्या काढून चुलीपाशी रचत होते. जळणाला. जमिनीवर जुन्या धोतरावर उरलेले चिरूट मांडलेले होते, तेही वाटून टाकायला. हौसाक्का पीठ मळत होती. मी तिच्या देखत पत्र मराठीत वाचून दाखवलं, कारण मिस्त्रींनीच तसं सांगितलं. तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. नवऱ्याला भाकरीची चव लागत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

ती उठली. हात धुतले, पदराला पुसले आणि चुलीपाशी जाऊन एक नळी उचलली. नाकाशी धरली.

"ह्यो वला हाय," असं म्हणून ती नळी तिनं डावीकडं टाकली. दुसरी उचलली. "ह्यो बी वला. ह्यो वाळलाय. ह्यो जाळाय काढला व्हय? चांगला वाळलाय की!"

 ती धोतरापाशी येऊन बसली.

"ह्यो त्रिचीवाल्याचा. ह्याला कडंनं गुळाचा वास हाय. ह्यो गोव्याचा, आंबूस. ह्यो त्या चहावाल्याचा, ह्याला जळल्या लाकडाचा वास यितोय. आन् ह्यो," तिनं एक चिरूट दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखा धरला, "ह्यो कामातनं गेला. बाहीर टाका."

"त्याच्यावर फुलोरा हाय," मिस्त्री हळूच म्हणाले.

"फुलोरा न्हाय. बुरशी हाय. कुबट मारतंय."

"तुला कसं कळतंय?"

हौसाक्का भडकली. "वीस वरसं ह्या वासाला शिव्या घालतोय मी. वळखल्याबिगार घालतोय व्हय?"

मिस्त्रींचा तरी लगेच विश्वास बसेना. त्यांनी तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं, चिरूट कालवले आणि एकेक मागून तिच्या नाकाशी धरला. त्रिची, गोवा, बरुआ, बरुआ, त्रिची. एकही चुकला नाही. मग त्यांनी गंमत म्हणून स्वतःची चप्पल धरली. तिनं मागं न बघता त्यांच्या हातावर असा फटका मारला की चप्पल दारापर्यंत गेली.

मिस्त्री हसत सुटले. तापानंतर पहिल्यांदाच त्यांना मी तसं हसताना पाहिलं. नंतर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

पत्रं तिथंच फाडली आणि नवी लिहिली. पहिली तीन वाक्यं मिस्त्रींनी तशीच ठेवायला लावली. चौथं बदललं: "हितनं फुडं माजी बायको वास घेईल, मी बांधीन."

हौसाक्का मिस्त्रींपेक्षा कडक निघाली. मिस्त्री एखाद्या चिरुटाला कधी सांभाळून घ्यायचे, ती घेत नसे. निम्मा माल बाजूला टाकायची, आणि मिस्त्री रदबदली करायला लागले की म्हणायची, "मग तुमीच घ्या की वास." ती नुकतीच वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गात सही करायला शिकली होती. मिस्त्रींनी प्रत्येक नळीत एक चिठ्ठी घालायची प्रथा पाडली. तिच्यावर ठळक, गोल अक्षरात "हौसा" एवढंच लिहिलेलं असायचं. वर्षभरात पत्रं बदलली. पूर्वी मिस्त्रींच्या नावानं सुरू व्हायची, आता सगळ्यांची सुरुवात "आदरणीय बाईसाहेब" अशी होऊ लागली. फर्नांडिसांनी तर तिच्यासाठी काजू पाठवले. काजूंना तंबाखूचा वास लागला होता. ती आठवडाभर त्यांच्या पॅकिंगला नावं ठेवत होती, आणि काजू खात होती.

या सगळ्यात मिस्त्रींना स्वतःला काही मिळत नव्हतं. ओढायचं सुटलं होतं, वास गेला होता. मी एकदा तसं विचारलंही. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "पोचतंय की, बाई."

पुढे आठ-नऊ वर्षांनी मला नागपूरला नोकरी मिळाली. जायच्या आठवड्यात मिस्त्रींनीच माझं सामान बांधून दिलं. तेव्हाच त्यांच्याकडे आरोग्यस्वामींचं पत्र आलं, की आपण मिरजेला एका नातलगाकडे येतोय, तिथून कोल्हापूरला येऊ, आणि चार दिवस तुमच्याच घरी राहू. हौसाक्का गडबडून गेली. घर सारवलं, चादरी धुतल्या. पण तिच्या मनात दुसरंच काही होतं. शेवटी तिनं माझ्यासमोरच विचारलं, "अवो, त्यो मानूस आपल्यात जेवंल नव्हं?"

मिस्त्री नळीला बूच बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "पंधरा वरसं माज्या हातची वस्तू तोंडात धरतोय त्यो," ते म्हणाले. "जेवनाचं काय घिऊन बसलीस?"

निरोप घ्यायला मी गेले ती दुपारची वेळ होती. दोन घरं अलीकडूनच चिरुटाचा वास आला. कट्ट्यावर एक थोराड, काळेसावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. लुंगी, बनियन, आणि बोटांत बरुआंचा बर्मी चिरूट. त्यांच्यासमोर मिस्त्री उकिडवे बसले होते. जेवणं झालेली दिसत होती. हौसाक्का पदरानं नाक झाकून उंबऱ्यात बसली होती, आणि खिडक्या सगळ्या उघड्या होत्या.

त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि माझ्याशिवाय मिस्त्रींचं इंग्रजीही जेमतेमच. मला वाटलं होतं, मधे बसून सांगावं लागेल. कुणी मला हाक मारली नाही.

"हाऊ?" मिस्त्रींनी विचारलं.

आरोग्यस्वामींनी धूर सोडला, डोळे मिटले आणि विचार करून म्हणाले, "गुड." मग तो शब्द त्यांना पुरेसा वाटेना. ते हवेत हात फिरवत राहिले.

"चिचंचं लाकूड जाळून इझवलं, की असा वास यितो," हौसाक्का पदराआडून म्हणाली. "आन् मागनं वाईच लवंगंचा."

मिस्त्रींनी ते ऐकलं आणि सावकाश मान हलवली, जणू त्यांनाही तो आला.

मी तिघांना नमस्कार केला. मिस्त्रींनी नागपूरची हवा कोरडी असते, पुस्तकं खिडकीजवळ ठेवू नका, एवढं बजावलं आणि पुन्हा पाहुण्याकडे वळले. बर्मी चिरुटाची राख इंचापेक्षा लांब झाली होती आणि जराशी वाकली होती. नीट जपलेल्या चिरुटाचीच राख अशी टिकते, हे मिस्त्रींनीच मला कधी सांगितलं होतं. आरोग्यस्वामी ती झटकायला निघाले, तसं मिस्त्रींनी त्यांना थांबवलं आणि आपला लांब बोटांचा तळहात चिरुटाखाली पसरला.

गल्लीच्या कोपऱ्यावरून मी मागं वळून पाहिलं. राख अजून पडली नव्हती. दोघंही तिच्याकडे बघत होते, आणि मिस्त्रींचा हात तसाच धरलेला होता.